वॉशिंग्टनच्या तावडीतून सुटलं की माणूस सुटला का? (लिबर्टेरियन नेत्यांबद्दल)

बायूकाठची

आमच्या ह्यूस्टनच्या मंडळात कॉलेजात जाणारी मुलं हल्ली सर्रास म्हणतात, "काकू, डेमोक्रॅट नको न् रिपब्लिकन नको, मी लिबर्टेरियन." का, विचारलं की उत्तर ठरलेलं. माझ्या खिशात हात घालू नको आणि माझ्या बेडरूममध्ये डोकावू नको, असं सरकारला सांगणारे हे एकच लोक आहेत म्हणे. विचार म्हणून मला तो मनापासून पटतो. पण त्याच्या जोरावर निवडून आलेले पुढारी प्रत्यक्षात कसे वागले हे बघायला गेलं की दर वेळी एकच गोष्ट दिसते. त्यांचं भांडण केंद्र सरकारशी असतं. माणसाची मान राज्य सरकारने, मालकाने किंवा घरच्यांनी आवळली की त्यांचा आवाज एकदम खाली येतो.

लिबर्टेरियन मंडळींचे लाडके, टेक्सासचे रिपब्लिकन खासदार राहिलेले रॉन पॉल यांचंच बघा. त्यांचं लेक जॅक्सन ह्यूस्टनच्या दक्षिणेला तासाभरावर आहे. नवरा तिकडच्या रासायनिक कारखान्यात नोकरीला होता तेव्हा आम्ही त्यांच्याच मतदारसंघात राहायचो. पेशाने बाळंतपणाचे डॉक्टर. निवडणूक आली की प्रचाराच्या कागदांबरोबर त्यांच्या कुटुंबाच्या पाककृतींची पुस्तिका घरी यायची. राहणी साधी आणि मतांना पक्के. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००१ मध्येच सरकारला पाळतीचे जादा अधिकार देणारा पेट्रियट कायदा आला, तेव्हा प्रतिनिधीगृहातल्या फक्त ३ रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं, त्यातले ते एक. २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावालाही त्यांनी नकार दिला. सगळा देश एका बाजूला असताना असं मत द्यायला हिंमत लागते आणि ती त्यांच्यात होती.

आता त्याच मतदारसंघाच्या शेजारी काय घडलं ते सांगते. १७ सप्टेंबर १९९८ च्या रात्री ह्यूस्टनजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये कोणीतरी बंदूक घेऊन धिंगाणा घालतंय अशी खोटी खबर गेली. शेरीफची माणसं आत शिरली. बंदूक कुठेच नव्हती. जॉन लॉरेन्स आणि टायरन गार्नर हे दोघे प्रौढ पुरुष तिथे होते. टेक्सासच्या दंडसंहितेत पुरुषापुरुषांमधला शरीरसंबंध हा गुन्हा होता, म्हणून दोघांना रात्रभर कोठडीत ठेवलं आणि पुढे प्रत्येकी २०० डॉलर दंड झाला. त्यांनी तो मुकाट भरला असता तर विषय संपला असता. पण ते लढले. २६ जून २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा रद्द केला. त्या वेळी १३ राज्यांत असे कायदे शिल्लक होते.

बेडरूममध्ये डोकावू नका म्हणणाऱ्या राजकारण्याला याहून उघड प्रकरण कुठे मिळणार? केटो इन्स्टिट्यूट आणि इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या लिबर्टेरियन विचाराच्या संस्था लॉरेन्सच्या बाजूने न्यायालयात उतरल्या होत्या. रॉन पॉल यांनी मात्र निकालावर टीका करणारा लेख लिहिला. असे कायदे हास्यास्पद असतील, पण संविधानात खासगीपणाचा हक्क कुठेही नाही आणि आपले नियम ठरवण्याचा टेक्सासला अधिकार आहे, असा त्याचा सूर. एवढ्यावर ते थांबले नाहीत. लैंगिक आचरण, विवाह, गर्भपात, धर्म या विषयांवरचे राज्यांचे कायदे केंद्रीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर न्यायचं विधेयक त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं. ते मंजूर झालं असतं तर पुढच्या लॉरेन्सला दाद मागायला टेक्सासबाहेरचा दरवाजाच उरला नसता.

ही केवळ राज्यांच्या अधिकारांवरची निष्ठा होती असं कुणी म्हणेल, तर तेही टिकत नाही. त्याच २००३ मध्ये उशिराच्या गर्भपाताच्या एका पद्धतीवर देशभर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला आणि त्याला पॉल यांनी होकार दिला. तिथे वॉशिंग्टन चाललं.

त्यांचे चिरंजीव रँड पॉल केंटकीचे सिनेटर. समलिंगी आणि आंतरवंशीय विवाहांना कायद्याचं संरक्षण देणारं विधेयक २०२२ मध्ये सिनेटने ६१ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर केलं. १२ रिपब्लिकन बाजूने गेले. रँड पॉल विरोधात.

माझं म्हणणं खोडायचं असेल तर जरूर खोडा, पण नेत्यांच्या मतदानाला धरून बोला ही विनंती. पुस्तकातला विचार सुंदर आहे याबद्दल वाद नाही.

कोलंबसचा_पक्या

असहमत. ताई, तुम्ही नेमक्या तुम्हाला सोयीच्या जागा निवडल्यात असं वाटतं.

रँड पॉलांचं नाव काढलंत, तर २०१३ चा मार्च आठवा. अमेरिकी नागरिकाला अमेरिकेच्याच भूमीवर खटल्याशिवाय ड्रोनने मारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला आहे का, या एका प्रश्नावर हा माणूस सिनेटमध्ये जवळजवळ १३ तास उभा राहून बोलला. २०१५ च्या मे महिन्यात पेट्रियट कायद्याच्या मुदतवाढीविरुद्ध पुन्हा साडेदहा तास. सगळ्यांच्या फोनच्या नोंदी गोळा करायला ज्या कलमाचा आधार घेतला जायचा, ते त्यानंतर १ जूनला मुदत संपून बंद पडलं. २०२० मध्ये ब्रिओना टेलरला पोलिसांनी तिच्याच घरात गोळ्या घातल्या, तेव्हा दार न ठोठावता घरात घुसायची पोलिसांची मुभा काढून घेणारं विधेयक आणलं ते रँड पॉलांनीच. हे व्यक्तिस्वातंत्र्य नाही तर काय आहे?

आणि राज्यांचा मुद्दा तुम्ही उलटा धरलाय. गांजा घ्या. केंद्राच्या कायद्याने तो आजही बंद. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी तो मोकळा केला, कारण राज्यांना स्वतःचं चालवता येतं. सगळं केंद्राच्या हातात असतं तर अजून लाखो पोरं खिशातल्या एका पुडीसाठी तुरुंगात सडत असती. न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर गॅरी जॉन्सन १९९९ मध्येच गांजाबंदी उठवा म्हणाले होते, आणि पदावर असलेला माणूस असं बोलत नसण्याचा तो काळ होता. तेच २०१६ ला लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार झाले आणि जवळपास ४५ लाख मतं घेऊन गेले. रॉन पॉलांनीही २०११ मध्ये बार्नी फ्रँक या डेमोक्रॅटबरोबर केंद्राची गांजाबंदी उठवायचं विधेयक मांडलं होतं. तेही मतदानाला धरूनच बोलतोय.

एका राज्याचा कायदा जाचक वाटला तर माणूस दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो. केंद्राचा कायदा जाचक असला तर जायचं कुठे?

सुईणीची_नात

पक्या, "दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो" हे वाक्य मी डॅलसमध्ये रोज ऐकते, म्हणून लिहितेय. मी प्रसूती विभागात नर्स आहे.

आमच्याकडे येणाऱ्या देशी मुलींमधल्या कितीतरी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर असतात. नवऱ्याचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा एका कंपनीला बांधलेला. ग्रीन कार्डाच्या रांगेत देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे भारतीयांना वर्षानुवर्षं थांबणं आलं. हातात स्वतःचा पगार नाही, इथे आई नाही, सासू नाही. अशा मुलीला सोनोग्राफीत काही वाईट कळलं तर "न्यू मेक्सिकोला जा" म्हणणं सोपं आहे. डॅलसहून न्यू मेक्सिकोची नुसती हद्द गाठायला गाडीने दिवस मोडतो. सुट्टी कोण देणार, पहिल्या मुलाला कोण सांभाळणार?

पण मला सांगायचंय ते वेगळंच. टेक्सासचा १ सप्टेंबर २०२१ पासूनचा कायदा आठवा. त्यात सरकारने स्वतः अंमलबजावणी करायचीच नाही असं ठरवलं. गर्भपाताला मदत करणाऱ्या कुणावरही कोणताही सामान्य माणूस दावा लावू शकतो आणि जिंकला तर त्याला किमान १०,००० डॉलर मिळतात. गाडी चालवत दवाखान्यात नेणारी मैत्रीणसुद्धा यातून सुटत नाही. सरकारने आपला हात काढून घेतला आणि शेजाऱ्याच्या हातात दांडकं दिलं. सरकार नको, सरकार नको एवढाच ज्याचा जप आहे, त्याला यात काही खटकणारच नाही, कारण यात सरकार दिसतच नाही.

आणि पक्ष म्हणून काय केलं? लिबर्टेरियन पक्षाच्या जाहीरनाम्यात कित्येक वर्षं एक कलम होतं: गर्भपाताबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात, म्हणून सरकारने यात पडू नये, ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडावं. मे २०२२ मध्ये रीनोच्या अधिवेशनात मिझेस कॉकस या पक्षातल्याच गटाने पक्ष ताब्यात घेतला आणि ते कलम काढून टाकलं. महिन्याभरात, २४ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा जुना रो निकाल उलटवला. बायकांना ज्या घटकेला त्या कलमाची गरज होती, नेमक्या त्या घटकेला ते पुसलेलं होतं.

काळी_माती

अमेरिकेचं अमेरिकेवाले बघतील. पण खिशातलं स्वातंत्र्य आणि बेडरूममधलं स्वातंत्र्य अशी वाटणी वाचली न् राहवलं नाही. आमच्यासाठी खिशातलं स्वातंत्र्य हेच माणूस म्हणून जगायचं स्वातंत्र्य होतं बाप्पा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अंगाला. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. स्वतः पिकवलेला कापूस सरकारी संकलन केंद्रावरच घालायचा. ग्रेडर म्हणेल ती ग्रेड. चुकारा हप्त्याहप्त्याने, कधी कधी पुढच्या पेरणीपर्यंत नाही. नदीपलीकडे तेव्हाच्या आंध्रात, आदिलाबादला भाव जास्त आणि रोख पैसे. मग लोक काय करायचे? गाडीत कापूस दाबून भरायचा, वरून कडब्याच्या पेंढ्या रचायच्या आणि अंधारात निघायचं. नाक्यावर धरले गेले तर कापूस जप्त. माझ्या बापाने आयुष्यात चोरी केली नाही, पण घरचा कापूस विकायला तो चोरासारखा निघायचा. शेतात राबणाऱ्या माणसाला त्याच्याच मालासाठी चोर करणारं सरकार आम्ही पाह्यलंय.

म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी आम्हाला देवासारखे वाटले. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा ऐकून बापाने छातीला लाल बिल्ला लावला तो शेवटपर्यंत. अनुदान द्या असं तो माणूस म्हणत नव्हता. झोनबंदी (ठरलेल्या भागाबाहेर माल न्यायची बंदी) उठवा, आमचा माल आम्हाला विकू द्या, एवढंच. या देशात लिबर्टेरियन म्हणावा असा लोकनेता कोण झाला असेल तर तो हा. आणि ताई, तुमच्या कसोटीलाही तो उतरतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला लाखांनी बाया जमवल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, नवऱ्याने स्वतःच्या राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. सरकारी कायदा नाही, सक्ती नाही. आमच्या आईच्या नावावर दोन एकर त्यातच आले. सातबारावर तिचं नाव लागलं तेव्हा तिने तो कागद पोथीच्या फडक्यात बांधून ठेवला.

बायूकाठची

काळी_माती, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. व्यापाराचं स्वातंत्र्य दुय्यम आहे असं मला म्हणायचं नाहीच. कडब्याखाली लपवलेला कापूस ही व्यक्तिस्वातंत्र्याचीच गोष्ट आहे. किंबहुना तुमच्या उदाहरणाने माझा मुद्दा पक्का होतो. तिथे जाच कुणाचा होता? राज्य सरकारचा. महाराष्ट्राने आपले नियम ठरवावेत, शेतकऱ्याला पटत नसेल तर त्याने आंध्रात जाऊन शेती करावी, असं शरद जोशी म्हणाले नाहीत. जाच करणारा राज्यात बसलाय की दिल्लीत हे त्यांनी बघितलं नाही. आणि मग ते घरात शिरले आणि नवऱ्याला विचारलं, बायकोच्या नावावर काय आहे? हाच प्रश्न मी पॉल पितापुत्रांना विचारतेय.

पक्या, दार न ठोठावता घुसण्याचं विधेयक मी मान्य करते. ते चांगलंच होतं. त्यात भर घालते. मिशिगनचे जस्टिन अमॅश २०१९ च्या ४ जुलैला रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडले आणि २०२० मध्ये लिबर्टेरियन झाले. त्या पक्षाचा काँग्रेसमधला पहिला सदस्य. पोलिसांनी हक्क तुडवले तरी त्यांच्यावर दावा चालू नये अशी जी ढाल न्यायालयांनी उभी केली आहे, ती काढून टाकायचं विधेयक त्यांनी २०२० मध्ये आयाना प्रेसली या डाव्या डेमोक्रॅट बाईंबरोबर मांडलं. गावच्या पोलिसाला, राज्याच्या पोलिसाला, सगळ्यांना लागू. असा माणूस दिसला की मला आनंदच होतो. पण २०२१ च्या जानेवारीत त्यांची काँग्रेसमधली कारकीर्द संपली.

वाड्यावरचा_वकील

चर्चा चांगली चालली आहे. एक पदर राहिला.

२०१० मध्ये सिनेटची निवडणूक लढवताना रँड पॉल यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत वंशभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याबद्दल शंका काढली होती. सरकारी भेदभाव बंद करणं त्यांना मान्य होतं. खासगी हॉटेलवाल्याने कुणाला वाढावं हे सरकारने सांगणं मात्र त्यांना खटकत होतं. गदारोळ झाल्यावर आपण त्या कायद्याच्या बाजूने मत दिलं असतं असा खुलासा त्यांनी केला. वडिलांनी तर २००४ मध्ये त्या कायद्याच्या चाळिशीनिमित्तच्या अभिनंदन ठरावालाही विरोध केला होता.

हा प्रश्न आपल्याकडे संविधान लिहितानाच सोडवला गेला. अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं स्पष्ट शब्दांत आली आहेत. अनुच्छेद १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या खासगी माणसालाही लागू आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात या विषयाचं मूळच पकडलं होतं. राज्याने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य उरतं, पण कुणाचं? जमीनदाराला खंड वाढवायचं आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करायचं, असा त्यांच्या मांडणीचा आशय. महाडच्या तळ्याचं पाणी ज्यांना नाकारलं गेलं, त्यांच्यापुढे सरकारआधी समाज उभा होता.

आणि हा प्रश्न मिटलेला नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा "फक्त पारशांनाच सभासदत्व" हा उपविधी वैध ठरवला, संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याच्या आधारावर. माझ्या एका मुस्लिम सहकाऱ्याला पुण्यात एका सोसायटीने आडनाव ऐकून फ्लॅट नाकारला. अ‍ॅडव्हान्सचा चेक टेबलावर ठेवलेला होता. सेक्रेटरींनी तो दोन बोटांनी त्याच्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, "कमिटी म्हणतेय." मालकाचं स्वातंत्र्य शाबूत राहिलं. शहरात राहायला जागा शोधणाऱ्याचं गेलं. लिबर्टेरियन नेत्याला मी विचारेन, या दोघांतला तुझा माणूस कोण?

कोलंबसचा_पक्या

वकीलसाहेब, अमेरिकेच्या दक्षिणेत वंशभेद हॉटेलवाल्यांच्या लहरीवर चालत नव्हता हो. तो कायद्याने सक्तीचा होता. लुइझियानाने १८९० मध्ये रेल्वेत वेगळे डबे बंधनकारक केले. रेल्वे कंपनीला ते नकोच होतं, कारण जादा डब्यांचा खर्च. म्हणून तर कायद्याला आव्हान देणाऱ्यांना कंपनीने आतून साथ दिली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या लोकांना हरवलं. सरकारने ढवळाढवळ केली नसती तर बाजाराने तो भेद हळूहळू मोडला असता.

वाड्यावरचा_वकील

इतिहास तुम्ही बरोबर सांगितला, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. तो लुइझियाना राज्याचा कायदा होता. तो मोडायला शेवटी केंद्राचं न्यायालय आणि केंद्राचा कायदाच लागला. ज्या नेत्यांना राज्यं मोकळी हवीत आणि केंद्रीय न्यायालयाचं दार बंद हवं, त्यांच्या व्यवस्थेत वेगळे डबे किती काळ चालले असते? बाजाराचं म्हणाल, तर आमच्या गावच्या हॉटेलात वेगळ्या कपबशा कायद्याने कुणी ठेवायला लावल्या नव्हत्या. गिऱ्हाईक जाईल या भीतीने मालक त्या ठेवायचा. बाजारच त्याला तसं वागायला लावत होता.

पाम्पावरून

मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे अर्जेंटिनाच्या बातम्या रोज वाचते. धाग्यात हाविएर मिले यांचं नाव अजून कसं आलं नाही? जगात आज लिबर्टेरियन म्हणवणारा राष्ट्रप्रमुख तोच.

पैशाच्या बाबतीत त्यांनी बोललेलं करून दाखवलं, हे आधी सांगते. २०२३ मध्ये महागाई २११.४ टक्के होती, २०२४ अखेर ११७.८ वर आली. गरिबी आधी ५२.९ टक्क्यांपर्यंत चढली आणि २०२४ च्या दुसऱ्या सहामाहीत ३८.१ वर उतरली. भाडेनियंत्रणाचा कायदा रद्द केल्यावर ब्यूनोस आयर्समध्ये भाड्याची घरं पुन्हा बाजारात दिसू लागली. पेसोची किंमत रोज वितळताना बघणाऱ्या कुटुंबासाठी ही खरीखुरी सुटका आहे.

पण १० डिसेंबर २०२३ ला शपथ घेतल्यावर त्याच महिन्यात काय आलं बघा. रस्ता अडवणाऱ्या निदर्शकांविरुद्ध पोलिसांना नवे आदेश. रस्ता अडवलात तर तुमचं सरकारी साहाय्य बंद, अशी मंत्र्यांची जाहीर ताकीद. आणि काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे पाठवलेल्या अवाढव्य विधेयकात एक कलम होतं की सार्वजनिक जागी ३ किंवा अधिक माणसं जमणार असतील तर ४८ तास आधी सूचना द्यायची. ओरड झाली म्हणून ते पुढे मागे घ्यावं लागलं. पण ते लिहिलं गेलं होतं. तीन माणसं! पुढे दर बुधवारी पेन्शनर म्हातारे संसदेसमोर जमायला लागले, त्यांच्यावर ढालकरी पोलीस आणि अश्रुधूर सोडला गेला.

गर्भपात तिथे डिसेंबर २०२० मध्ये १४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर झाला. मिले त्याला खून म्हणतात. मार्च २०२४ मध्ये स्वतःच्या जुन्या शाळेत मुलांपुढे भाषण करतानाही तेच बोलले. सरकारी कागदपत्रांत सर्वसमावेशक लिंगवाचक भाषा वापरायला बंदी हा त्यांच्याच सरकारचा निर्णय. कुणी कोणता शब्द लिहावा हे सरकार ठरवणार, आणि व्यासपीठावरून घोषणा "स्वातंत्र्य झिंदाबाद"!

जुनी_फाईल

आपल्याकडचा स्वतंत्र पक्ष विसरू नका. १९५९ साली राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा एकत्र आले. नागपूर काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला होता, त्याविरुद्ध आणि परमिट-लायसन्स राजविरुद्ध. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा आणि सर्वांत मोठा विरोधी पक्ष. नेहरूंच्या ऐन भरात माणसाच्या मालमत्तेच्या हक्कासाठी उभं राहणं सोपं नव्हतं, आणि वडील त्या पक्षाचं काम करायचे याचा मला अभिमान आहे.

तरीही बायूकाठचीताईंचा प्रश्न राजाजींना लावून बघावा लागतो. १ ऑक्टोबर १९३७ ला मद्रास प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या प्रमुख मंत्र्याला असंच म्हणत) म्हणून सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली ती राजाजींनी. त्याच काळात शाळांमधून हिंदी सक्तीची केली आणि विरोध करणाऱ्यांना तुरुंगात टाकलं. १९५३ मध्ये मुख्यमंत्री असताना शाळा अर्धा दिवस आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना काढली. जातीचा धंदा पोराच्या गळ्यात बांधणारी योजना म्हणून लोक पेटून उठले, आणि पुढच्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं. १९७१ मध्ये करुणानिधी दारूबंदी शिथिल करायला निघाले तेव्हाही राजाजींचा विरोध कायम होता. कारखानदाराला परवाना नको म्हणणाऱ्या माणसाला पिणाऱ्यावर बंदी चालत होती.

महाराष्ट्रात तर १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. कायद्याने बघाल तर दारू प्यायला परमिट लागतं. ते रद्द करा म्हणून कुठल्या मुक्त अर्थव्यवस्थावाल्या पुढाऱ्याने रान उठवल्याचं मला आठवत नाही. समलिंगी संबंधांवरचं दंडसंहितेतलं कलम ३७७ बदलायचं खासगी विधेयक डिसेंबर २०१५ मध्ये लोकसभेत मांडायलाही परवानगी मिळाली नाही, २४ विरुद्ध ७१. ते मांडू पाहणारे शशी थरूर होते, काँग्रेसचे.

सुईणीची_नात

काळी_माती, एक प्रश्न. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत ९ मार्च २०१० ला १८६ विरुद्ध १ ने मंजूर झालं. तो एक म्हणजे शरद जोशी. चांदवड आणि लक्ष्मीमुक्तीवाले जोशी, आणि हे मत, याची सांगड तुम्ही कशी घालता?

काळी_माती

रास्त प्रश्न आहे ताई. आमच्या घरात त्या रात्री यावरून भांडणच झालं होतं. आई चिडली होती, बाप गप्प होता.

माझी समजूत अशी. बायांनी राजकारणात येऊ नये असं साहेबांचं कधीच मत नव्हतं. चांदवडलाच बायांनी पंचायतीच्या निवडणुका लढवायचं ठरलं होतं. त्यांचा विरोध मतदारसंघ आळीपाळीने फिरवण्याला होता. आज राखीव, पुढच्या खेपेला खुला, मग निवडून आलेली बाई त्या मतदारसंघात मुळं कशी धरणार, हा त्यांचा आक्षेप. मला तो अर्धा पटतो. उरलेला अर्धा आईचा आहे. ती म्हणाली, जमीन नवऱ्याने राजीखुशीने दिली म्हणून मिळाली. ज्यांच्या नवऱ्याने दिली नाही त्या कुठे जातील? आमच्या गावात देणारे थोडे होते, न देणारे जास्त. सक्ती नको हे तत्त्व देणाऱ्याच्या घरी चालून गेलं. न देणाऱ्याच्या घरातल्या बाईला त्या तत्त्वाने काही दिलं नाही. याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि साहेबांवरची माझी श्रद्धाही त्याने कमी होत नाही.

कोलंबसचा_पक्या

काळी_मातीदादा, तुमच्या आईंचा मुद्दा मला खोडता येत नाही, तो तसाच राहू द्या.

तरी माझं मत या लोकांनाच जाणार, आणि का ते सांगून थांबतो. परदेशी लोकांवर पाळत ठेवायच्या नावाखाली गोळा होणाऱ्या साठ्यात अमेरिकी नागरिकांचे फोन आणि ईमेल सापडतात. ते चाळायला वॉरंट लागावं अशी दुरुस्ती १२ एप्रिल २०२४ ला प्रतिनिधीगृहात आली. मतं पडली २१२ विरुद्ध २१२. बरोबरी झाली म्हणून दुरुस्ती पडली. बाजूने कोण होतं? थॉमस मॅसीसारखे लिबर्टेरियन वळणाचे रिपब्लिकन आणि प्रमिला जयपालांसारखे डावे डेमोक्रॅट. विरोधात दोन्ही पक्षांचे मधले, शहाणे, समंजस म्हणवणारे. आपण सगळे रोज भारतात फोन करतो, म्हणजे तो साठा आपल्याच बोलण्याचा आहे. रँड पॉलांच्या २०२२ च्या विवाहाच्या मतावर मी त्यांच्याशी भांडेन. पण या मतदानात मला आणखी एक मॅसी हवा होता.

बायूकाठची

हे मतदान मला माहीत आहे, आणि त्या दिवशी मीही तुझ्याच बाजूला होते. आमच्या मंडळातल्या मुलांना या २१२-२१२ ची यादी काढून वाचायला सांगणार आहे. तिच्या शेजारी २०२२ च्या विवाह विधेयकावरची प्रतिनिधीगृहातली यादी ठेवा म्हणणार. दोन्हीकडे "हो" म्हणणारी नावं शोधा. जयपाल सापडतील. मॅसी तिथे "नाही"च्या रकान्यात आहेत.